सशांवर स्पायनल फ्यूजन: ग्रुपला ६ ससे पुरतात का?

मणका_पीजी: नमस्कार मंडळी, ऑर्थोचा पीजी आहे. थिसिससाठी न्यूझीलंड व्हाइट सशांमध्ये एल५-एल६ फ्यूजन (कमरेचे दोन मणके एकमेकांना जुळवणं) करायचंय, एका बाजूला सशाच्याच इलियाक क्रेस्टचं (कंबरेच्या हाडाची वरची कड) हाड, दुसऱ्या बाजूला नवीन सिरॅमिक, म्हणजे ६ सशांत १२ रीडिंग असा हिशोब. अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीने प्रपोजल परत पाठवलं, संख्या कशावरून ठरवली विचारतायत. सर म्हणतात सगळे ६च घेतात, लिहून टाक काहीतरी. काय लिहू?

लॅबवाली: "लिहून टाक काहीतरी", इथेच सगळं बोंबलतं. अरे १२ नाही, ससे ६ तर एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) पण ६च, भूल, खाणं, इन्फेक्शन दोन्ही बाजूंना एकच ना. आणि फ्यूजन बघणार कसं? मणके काढून हातात धरून वाकवूनच ना, मग एक बाजू पक्की जुळली की तो जोड हलतच नाही, दुसरी कच्ची असली तरी बोटांना कळायचं नाही. एका सशाला एकच ट्रीटमेंट ठेव.

आकडेमोड: सशात स्वतःच्या हाडानेही साधारण तिनातले दोनच जुळतात. समजा सिरॅमिकचे ६ पैकी ६ जुळले आणि हाडाचे ६ पैकी ४, दिसायला भारी, पण फिशर टेस्ट (छोट्या आकड्यांसाठीची) लावली की पी ०.४५, म्हणजे खरा फरक नसला तरी एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसायची शक्यता ४५%. १२ ससे गेले आणि हातात काही नाही. किती फरक पकडायचाय ते आधी ठरवा, पॉवर (तो फरक खरा असेल तर पकडला जाण्याची शक्यता) काढा, जास्त लागले तर जास्त मागा.

लॅबवाली: +१. अजून, पिंजऱ्यात हात घालून जो सापडेल तो उचलणं म्हणजे रँडम नव्हे, सुस्त ससा आधी सापडतो 😀 कॉम्प्युटरवरून यादी काढ. वाकवून बघणारा ऑपरेशनवाला नको, कुठला ससा कुठल्या ग्रुपचा ते त्याला माहीत नको. पेनकिलरचं व्हेटशी बोल, मेलॉक्सिकॅमसारखी औषधं हाड जुळण्यात आडवी येऊ शकतात, जे द्याल ते सगळ्यांना सारखंच. अराइव्ह २.० (प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडायचे त्याची गाइडलाइन, २०२०) चे पहिले १० मुद्दे आत्ताच समोर ठेव, लोक ते पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री उघडतात.

मणका_पीजी: ०.४५ सरांना दाखवतो, बघू. कंट्रोल ग्रुप जुन्या पेपरातला घेतला तर? ससे वाचतील.

आकडेमोड: नको. सर्जन वेगळा, सशांचं वय वेगळं, किती आठवड्यांनी मणके काढले तेही वेगळं, मग फरक सिरॅमिकचा की ह्या सगळ्याचा, कसं सांगणार?