गुडघा, पाठ, खुबा... सगळ्यावर एकच ऑक्सिजन?

उंबरठा: तीन वर्षं फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा आजार) आहे. एका केंद्राने हायपरबॅरिक ऑक्सिजनची ४० सत्रं सुचवलीत. बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली रोज दीड तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. त्यांच्या पत्रकात संधिवात, गुडघेदुखी, गादी सरकणे, काहीच सुटलेलं नाही. ती यादी वाचूनच मन बिचकलंय. तुमचं मत?

शंकासुर: बिचकलंच पाहिजे. हाडांच्या बाबतीत मान्यता आहे ती मुख्यतः औषधांना न जुमानणाऱ्या जुनाट ऑस्टिओमायलायटिसला (हाडातल्या जंतुसंसर्गाला) आणि कॅन्सरच्या रेडिएशनमुळे मेलेल्या जबड्याच्या हाडाला. तिथे पेशी प्राणवायूविना तडफडत असतात, म्हणून उपयोग. झिजलेल्या गुडघ्याचं तसं नाही. कूर्चेत मुळात रक्तवाहिन्याच नसतात!

लंगडीपटू: सरसकट मोडीत काढू नका हो. माझ्या खुब्याचा एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) लवकर सापडला, मी ३० सत्रं केली. सुती झगा घालायचा, घड्याळ-मोबाईल बाहेर. दाब चढताना कानांना दडे बसतात, मी सारखी आवंढे गिळत होते. विसाव्या सत्रानंतर जिना चढताना कठडा धरावा लागेना. २०१० च्या एका अभ्यासात काहींना ऑक्सिजन आणि काहींना दाबाखालची साधी हवा दिली होती. ऑक्सिजनवाल्यांचं दुखणं खरंच कमी झालं.

शंकासुर: तुम्हाला बरं वाटलं, आनंद आहे. पण त्या अभ्यासात रुग्ण किती? २०! जबड्याचंच घ्या. रेडिएशन झालेल्यांचा दात काढण्याआधी ऑक्सिजन दिला की हाड वाचतं, असं वर्षानुवर्षं धरून चालले होते. २०१९ मध्ये होपॉन चाचणीत रीतसर तपासलं, तर फरक दिसला नाही.

लंगडीपटू: ते हाड मरू नये म्हणून. माझं मरायला लागलं होतं. दोन्ही एकाच मापाने कसं मोजता?

शंकासुर: हे मात्र मान्य.

नाडीपरीक्षा: भांडणात मूळ प्रश्न राहिला. फायब्रोमायल्जियावर इस्रायलमध्ये २०१५ साली ६० बायकांचा अभ्यास झाला. नेहमीच्या हवेच्या दुप्पट दाब, ४० सत्रं. वेदना घटल्या. गोम अशी की तुलनेच्या गटाला आधी काहीच उपचार नव्हते, खोटं चेंबरसुद्धा नाही. रोज दीड तास कुणी आस्थेने बघतंय, यानेही दुखणं हलतं. शिवाय चेंबर कडक आहे की फुगवायची पिशवी, हे बघा. पिशवीत दाब नेहमीच्या हवेच्या जेमतेम १.३ पट, त्यावर हा अभ्यास लागू होत नाही. छातीचा एक्स-रे न काढता आत घेत असतील तर उठून या. फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर जिवावर बेतू शकतं.

उंबरठा: आत्ताच फोन केला. दाब विचारला तर म्हणाले, "आमचं मशीन इम्पोर्टेड आहे."

शंकासुर: 😄