मदत हवी आहे: पेन टॅबलेटने कटिंगच्या रेषा गुळगुळीत कशा काढायच्या?

कार्डशीटचे आकाशकंदील आणि तोरणं यांची डिझाइन्स मी इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये काढून कटिंग मशीनवर कापते. माउसने मोर-कोयऱ्या काढून मनगट दुखायला लागलं, म्हणून स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट घेतला (लॅपटॉप विंडोज 11). बघायचं वर आणि काढायचं खाली, याचा सराव झालाय. अडचण रेषेची आहे.

पेन्सिल टूलने कोयरीची एक बाजू काढली तरी नोड्सची (रेषेचा आकार ठरवणाऱ्या बिंदूंची) रांग लागते. मशीनचं पातं जागोजागी अडखळतं, कड दातेरी निघते. स्मूदिंग वाढवलं की कोयरीचं टोकच गोल होतं, आणि टोक गेलं की उरतो तो आंबा! नोड्स कमी करणारं सिम्प्लिफाय (कंट्रोल एल) पुन्हा पुन्हा दाबलं की आकार बदलतो. कॅलिग्राफी टूल दिसायला सुंदर, पण ते रेषेऐवजी बंद आकार बनवतं, त्यामुळे पातं दोन्ही कडांनी फिरतं.

ड्रायव्हर नवा आहे, टॅबलेटचं प्रमाण स्क्रीनशी जुळवलंय, प्रेशर बंद आहे. कागदावर काढून स्कॅन-ट्रेस करायचं नाही, त्यातही नोड्सची हीच कटकट. सॉफ्टवेअर फुकटातलंच हवं.

कटिंगची डिझाइन्स टॅबलेटवर करणारे तुम्ही शेवटची रेष मोकळ्या हाताने काढता, की पेनने फक्त कच्चं रेखाटन करून वरून बेझिए टूलने एकेक नोड ठेवत वक्र रेष काढता? मोकळ्या हाताने काढत असाल, तर टोक शाबूत राहावं म्हणून स्मूदिंग किती ठेवता?