वाळक्या अरौकारियावरील बुरशी नवी जात आहे का?

प्रश्न: म्हापशातील आमच्या अंगणातल्या अरौकारिया या सूचिपर्णी वृक्षाच्या मेलेल्या फांद्यांवर काळ्या ठिपक्यांसारखी बुरशी आली असून ती कोणत्याही वर्णनाशी जुळत नाही. नवी जात म्हणून तिचे वर्णन करता येईल का?

उत्तर: सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, रंग व माप नोंदवावे आणि डीएनएच्या आयटीएस या, बुरशीच्या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भागाची तुलना करावी, मात्र केवळ त्यावर विसंबू नये, कारण जवळच्या जातींत तो भाग पुष्कळदा सारखाच असतो.

दुसरे उत्तर: फांदीचा तुकडा आजच वाळवून ठेवावा, अशी आग्रहाची विनंती. होलोटाइप (नव्या जातीचे नाव ज्याला जोडले जाते तो मूळ नमुना) म्हणून जतन केलेला, निष्क्रिय नमुनाच ग्राह्य असतो, वाढते कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत बुरशी) नव्हे. शिवाय २०१३ पासून मायकोबँकसारख्या बुरशींच्या नावांच्या मान्य नोंदवहीत नावाची नोंदणी सक्तीची आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, तुकडा कागदी पाकिटात ठेवला आहे.