मायलेज सोडा, टायर बघा
रोजची हॅचबॅक घ्यावी की वापरलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, यात सगळे मायलेजवरच अडलेत. खिसा कापतात ते टायर. बऱ्याच रिअर-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना) स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. त्यात निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, जास्त असेल तर आतली कड आधी झिजते. बाहेरून टायर कोरा दिसतो, आत तारा उघड्या! गाडी लिफ्टवर चढवून आतून टॉर्च मारा. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या २३व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूत असते, पण रबर कडक होऊन ओल्यात पकड जाते.

क्लच तपासायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला, साधारण २००० आरपीएमवरून (इंजिनचे मिनिटाला फेरे) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय.

घरात तान्हं मूल असेल तर विषय जवळपास मिटला. मागे तोंड असलेली चाइल्ड सीट चालू एअरबॅगसमोर लावायची नसते, आणि दोन सीटच्या गाडीत दुसरी जागाच नाही. ती एअरबॅग बंद करता येते का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. नाहीतर सरळ हॉट हॅच, म्हणजे दमदार इंजिनची हॅचबॅक.