न हरलेला घोडाच सगळ्यात मोठा का?

पार्क चौकातला: ब्रिटनच्या फ्रँकेल या रेसच्या घोड्याचं नाव निघालं की आमच्या सोलापुरी ग्रुपात चर्चाच संपते. 14 पैकी 14 रेस जिंकल्या, विषय खलास. मला नाही पटत. हा घोडा ब्रिटनबाहेर कधी पळाला नाही, दीड मैल तर कधीच नाही. उलट डान्सिंग ब्रेव्ह बघा. 1986 ची इंग्लंडातली एप्सम डर्बी शाहरस्तानी या घोड्याकडून हरला, दुसरा आला. त्याच वर्षी पॅरिसच्या आर्क या रेसमध्ये मागून येऊन सगळ्यांना गाठलं, आणि त्या मैदानात शाहरस्तानीही होता, चौथा आला. कुणाला हरवलं ते बघा, कितीदा जिंकला ते नंतर.

घड्याळवाला: कुणाला हरवलं हे शेवटी मतच की बे. घड्याळाला मत नसतं. अमेरिकेचा सेक्रेटेरिएट, बेलमाँटची रेस, 1973. दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदांत, दुसरा घोडा 31 लेंग्थ, म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीइतका मागं. पन्नास वर्षं झाली, मोडलं का कुणी?

पार्क चौकातला: त्या रेसला घोडे पाचच होते, हे पण सांग की. आणि दोन महिन्यांच्या आत हाच सेक्रेटेरिएट साराटोगाच्या मैदानावर ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. (कांद्याच्या सोलापुरात हे नाव तरी लक्षात राहील.) शिवाय बेलमाँटला माती, एप्समला गवत आणि चढउतार. पुण्याच्या पावसाळी सीझनला ट्रॅक भिजला की घोड्यांचा टायमिंग कसा बदलतो, बघितलायस ना?

घड्याळवाला: ताप होता म्हणतात तेव्हा त्याला.

पार्क चौकातला: हरला की ताप, जिंकला की घड्याळ. बरंय.

हँडिकॅप भाऊ: भांडताय कशाला, तज्ज्ञांनी घोड्यांना दिलेलं रेटिंग आहे की. फ्रँकेल 140, त्याच्या वर कुणी नाही.

पार्क चौकातला: भाऊ, डान्सिंग ब्रेव्हचं 141 होतं. 2013 मध्ये जुनी रेटिंगं फेरतपासली आणि त्याचं 138 केलं, म्हणून फ्रँकेल वर गेला. 1999 ला मेलेला घोडा चौदा वर्षांनी तीन अंकांनी हळू झाला!

अकलूजकर: आमच्या बाजारात घोडा बघताना आधी पाय, मग चाल, मग भोवरे. घड्याळ कोण काढतंय? पण नराचं मोठेपण कळतं ते त्याच्या पुढच्या पिढीत. सेक्रेटेरिएटचे मुलगे बापाच्या तोडीचे निघाले नाहीत. लेकींच्या पोटी मात्र स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे नावाजलेले घोडे जन्मले, आणि इंडीनं 1992 ला तीच बेलमाँट जिंकली. रेस दोन-अडीच मिनिटांत संपते, रक्त पुढं पळत राहतं.

पार्क चौकातला: काका, मग केल्सोचं काय? 1960 ते 64, सलग पाच वर्षं अमेरिकेचा हॉर्स ऑफ द इयर. खच्ची केलेला होता, एक शिंगरू नाही. तो बाद?

अकलूजकर: बाद कोण म्हणतंय? पण पाच वर्षं अव्वल राहिला तो खच्ची होता म्हणूनच. नर असता तर मालकानं कधीच पैदाशीला काढला असता, जसा सेक्रेटेरिएटला तिसऱ्या वर्षीच काढला. आता ही पाच वर्षं तू कशात मोजणार, सांग.