चार दिवसांत बॅटरी उतरते, तर आधी हिशोब करा

दादा, तुमच्या १९६८ च्या अँबॅसिडरची नवी बॅटरीपण चार दिवसांत उतरतेय म्हणताय, आणि वरच्या उत्तरांत सगळे डायनॅमोचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) कटआउट, म्हणजे इंजिन बंद झालं की डायनॅमो बॅटरीपासून तोडणारा स्विच, बघा सांगतायत. मला नाही पटत. कटआउटचे पॉइंट चिकटले की कित्येक अँपिअर उलटे डायनॅमोत जातात, बॅटरी एका रात्रीत बसते आणि इंजिन बंद असूनही डायनॅमो कोमट लागतो, हात लावून बघा एकदा.

तुमची बॅटरी ५० अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर ५० तास पुरेल एवढी) असेल तर चार दिवस म्हणजे ९६ तास, ५० ला ९६ ने भागलं की साधारण अर्धा अँपिअर सतत कुठेतरी जातोय. १२ व्होल्टला ते होतात ६ वॅट, म्हणजे एक छोटा बल्ब! बाबांच्या गाडीत नेमकं हेच होतं, डिकीच्या दिव्याचा स्विच गंजून आत अडकलेला, झाकण बंद केलं तरी दिवा चालूच, आणि बंद डिकीत तो दिसणार कुणाला, आम्ही दोन महिने वायरिंग उचकत बसलो होतो.

बॅटरीची अर्थची (बॉडीला जाणारी) वायर काढून ती वायर आणि बॅटरी यांच्या मधे मल्टिमीटर लावा, १० अँपिअरच्या रेंजवर, आणि मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. नुसते फ्यूज काढून भागणार नाही हं, या जुन्या गाड्यांत फ्यूज दोनच आणि हेडलाइट, इग्निशन वगैरे बरंच त्यांच्या बाहेरून जातं, त्यामुळे एकेक वायर सोडवतच जावं लागतं. जी वायर सोडवल्यावर आकडा शून्यावर येईल, तिथेच गळती, सापडलं. रीडिंग किती येतंय ते इथे नक्की टाका.