मदत हवी आहे: दोन गोळ्यांच्या चाचणीत नाव द्यावं का? सोमवारी सही करायचीय

घायकुत्या:
आधीच सांगतो, उपदेश नकोय. दारू कमी करायला (सोडायला नाही म्हणत, आधी कमी तर होऊदे) दोन गोळ्या एकत्र देऊन बघायची एक चाचणी चालू आहे, त्यात मला घेतायत. फॉर्म चौदा पानी, वाचला, अर्धा डोक्यावरून गेला. मला नक्की कुठली गोळी मिळणार ते सांगतच नाहीत, चिठ्ठी निघेल तसं म्हणे, आणि देणाऱ्या डॉक्टरलापण माहीत नसणार. मग माझ्या वाट्याला साखरेची गोळी आली तर मी चार महिने फुकट खेटे घालायचे का? त्यापेक्षा त्याच दोन गोळ्या बाहेरून लिहून घेतल्या तर काय बिघडलं? कोणी घेतल्यात का अशा दोन-दोन? लवकर सांगा.

शंकासूर:
कुठल्या दोन? रोज किती पिता? शेवटची कधी घेतली? लिव्हर किडनीचे रिपोर्ट? दुसरी औषधं काय चालू आहेत? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणे.

माई:
वाचतेय.

घायकुत्या:
नाल्ट्रेक्सोन आणि गॅबापेन्टिन. रिपोर्ट त्यांनीच काढले, ठीक आहेत. रोज पितो, म्हणून तर धागा काढलाय. प्रश्न साखरेच्या गोळीचा आहे, त्यावर बोला.

नऊवर्षंकोरडा:
भाऊ मी घेतल्यात, पण माझी जोडी वेगळी होती, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा दोन-दोन आणि वर नाल्ट्रेक्सोनची एक, रोजच्या सात गोळ्या, डबा बघून पोरगं विचारायचं बाबा हा खाऊ आहे का. पहिला आठवडा नुसती मळमळ, मग गेली. नाल्ट्रेक्सोनचं मला असं जाणवलं की पहिला पेग आत गेल्यावर जी लाट यायची ती येईना, उगाच कडू पाणी पितोय असं वाटायचं. पण तलफ वेगळी, ती न बोलावता रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला दारात उभी. ती अकॅम्प्रोसेटने बसली. दोन्ही मिळून काम झालं. डोळे झाकून सही करा.

औषधवाला:
डोळे झाकून कशाला, उघडे ठेवून करा. नऊवर्षं, तुमचा अनुभव खरा पण त्यात कुठल्या गोळीचा वाटा किती हे तुम्हाला कसं कळलं? नेमकं हेच बघायला अमेरिकेत कम्बाइन नावाची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल छापून आले, १३८३ माणसं, १६ आठवडे, नऊ गट. नाल्ट्रेक्सोन आणि सोबत डॉक्टर-नर्सच्या ठरावीक भेटी, यात न पिता गेलेले दिवस ८०.६ टक्के. खोट्या गोळ्या आणि त्याच भेटी, यात ७५.१. अकॅम्प्रोसेटचा फायदा दिसला नाही, एकटं दिलं तरी आणि जोडीने दिलं तरी.

आता घायकुत्या, तुमच्या साखरेच्या गोळीचं उत्तर त्यातच आहे. एका गटाला फक्त समुपदेशन होतं, गोळी नाही आणि त्या भेटीही नाहीत, त्यांचे कोरडे दिवस ६६.६ टक्के. खोटी गोळी घेऊन दर थोड्या दिवसांनी कोणाला तरी तोंड दाखवणारे त्यांच्या पुढे गेले. म्हणजे खेटे फुकट जात नाहीत.

नऊवर्षंकोरडा:
एकच चाचणी धरून बसू नका साहेब. २००३ मध्ये जर्मनीत जोडीचा फायदा दिसलेला, मलापण वाचता येतं.

औषधवाला:
दिसलेला, १६० जणांत. जोडी खोट्या गोळीच्या पुढे गेली, एकट्या अकॅम्प्रोसेटच्याही पुढे गेली, पण एकट्या नाल्ट्रेक्सोनच्या पुढे ठामपणे नाही गेली. आणि तिथे आधी डिटॉक्स करून मग गोळ्या सुरू केल्या होत्या. आधी सोडून आलेला आणि रोज पिणारा यांना एका तराजूत कसं घालणार.

नऊवर्षंकोरडा:
तुमचे टक्के तुमच्याजवळ. मी नऊ वर्षं कोरडा आहे.

घरधनीण:
माझ्या नात्यात एकाला डायसल्फिराम जेवणात मिसळून देत होते, त्याला पत्ता नाही, प्यायला की लाल व्हायचा आणि ओकायचा, महिन्यात सुटली. तुमच्या मिसेसना सांगून बघा.

शंकासूर:
ताई, धागा स्वतः पिणाऱ्याने काढलाय, त्याला न कळता द्या हे त्यालाच सांगताय 🙏

औषधवाला:
हे कोणीही करू नका. ते औषध माणसाला सांगितल्याशिवाय द्यायचंच नसतं. बीपी कोसळतं, हृदय बंद पडू शकतं, आणि गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रिअॅक्शन येऊ शकते. शिवाय ते तलफ कमी करत नाही, फक्त भीती घालतं.

घरधनीण:
बरं. सुटली ते सुटली ना पण.

वजनकाटा:
ते वजन कमी करायचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन असतं त्यानेपण दारूची तलफ जाते असं वाचलं, कोणी घेतं का? मला वजनासाठीच हवंय खरं तर.

औषधवाला:
२०२५ मध्ये छोटा अभ्यास आला, ४८ माणसं, ९ आठवडे. तलफ कमी झाली, पिण्याच्या दिवशीचं प्रमाणपण कमी झालं, पण पिण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. वजनासाठी वेगळा धागा काढा.

परत मूळ जोडीकडे. नाल्ट्रेक्सोन आणि गॅबापेन्टिनची चाचणी आधी झालीये, २०११ मध्ये आली, १५० जण, आणि गंमत म्हणजे कम्बाइनवर ज्यांचं नाव पहिलं तेच रेमंड अँटन इथेही. गॅबापेन्टिन पहिले सहाच आठवडे दिलं. तेवढे आठवडे जोडी एकट्या नाल्ट्रेक्सोनपेक्षा सरस, झोपही सुधारली, गॅबापेन्टिन थांबलं तसा फरकही गेला. म्हणजे कल्पना हवेतली नाहीये, पण पक्कीही झालेली नाही, म्हणून तर तपासतायत.

शंकासूर:
माझा प्रश्न दुसऱ्यांदा. शेवटची कधी आणि दुसरं काय चालू आहे.

घायकुत्या:
शेवटची काल रात्री. दुसरं काही नाही हो. कंबरेची गोळी आहे फक्त, ती दारूची नाही.

शंकासूर:
नाव?

घायकुत्या:
ट्रामाडॉल. दीड वर्ष झालं, दिवसाला दोन, कधी तीन. फॉर्मात लिहिली नाही, म्हटलं उगाच कंबरेपायी नाव कापतील. लघवी तपासली त्यांनी, काही आलं नाही, म्हणजे चालत असणार.

औषधवाला:
थांबा. हे सगळ्यात आधी लिहायचं होतं.

ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची गोळी. नाल्ट्रेक्सोन नेमकं त्याच कुलपात जाऊन बसतं आणि हिला बाहेर ढकलतं. दीड वर्ष रोज घेणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन दिलं तर थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, घाम, अंग फुटून निघाल्यासारखं, आणि ते तासाभरात आटपत नाही. म्हणून आधी सात ते दहा दिवस अशी कुठलीच गोळी पोटात नसावी लागते. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रामाडॉल बहुतेकदा सापडतच नाही, त्यामुळे काही आलं नाही याला अर्थ नाही. आणि गॅबापेन्टिनचं वेगळंच, ते ट्रामाडॉल आणि दारूवर पडलं की श्वास मंदावू शकतो. तुमच्या दोन्ही गोळ्या तुमच्या कंबरेच्या गोळीला अडतायत. बाहेरून लिहून घेतल्या असत्या आणि हे सांगितलं नसतं तर कोणी विचारायलाही नव्हतं.

नऊवर्षंकोरडा:
माझी सही करा वाली पोस्ट मागे घेतो. औषधवाले बरोबर बोलतायत.

घायकुत्या:
मग आजपासून ट्रामाडॉल बंद करतो, दहा दिवसांनी सही. झालं ना?

औषधवाला:
नाही! दीड वर्षाची गोळी एका दिवसात तोडायची नसते, आणि दारूपण अशी झटक्यात नाही. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, ट्रामाडॉलमुळेही फिटचा धोका वाढतो. दोन्ही हळूहळू आणि डॉक्टरच्या नजरेखाली. फॉर्मवर चाचणीवाल्यांचा नंबर असेल, आत्ता लावा.

माई:
लावा हो. कंबरेचं दुखणं लपवण्यासारखं नाही.

घायकुत्या:
लावला. बाईंनी गोळीचं नाव तीनदा विचारलं, मग थोडा वेळ गप्पच. सोमवारी सही नाही, घरात आहेत त्या सगळ्या पट्ट्या घेऊन या, आणि तोपर्यंत मनाने काही चालू नाही काही बंद नाही. आधी कंबरेवर दुसरं काही देता येतंय का ते बघणार, चाचणीचं नंतर. ओरडल्या नाहीत, मला वाटलं ओरडतील. पण म्हणजे परत वाट बघणं आलं, तेच तर मला जमत नाही.

शंकासूर:
सोमवारी काय होतंय ते इथे लिहा. आणि यावेळी सगळं लिहा.

वजनकाटा:
ते इंजेक्शन कंबरेच्या गोळीबरोबर चालतं का? माझीपण कंबर धरलीये.